कोयोटीसाठी रायफल : लहान नळी, पण पुरेसा जोर

अमेरिकेतील मेंढपाळांस कोकरांच्या हंगामात कोयोटी या कोल्ह्यासारख्या श्वापदाचा मोठा उपद्रव होतो. साधारण ९ ते १६ किलो वजनाच्या या प्राण्यासाठी काहीजण स्वस्त म्हणून ०·२२ रिमफायर रायफल वापरतात. ही निवड योग्य नव्हे. तिची सुमारे २·६ ग्रॅमची गोळी सेकंदास ३७० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. अंतर वाढले की जोर ओसरतो आणि जखमी जनावर झुडपात जाऊन तडफडत मरते. अशी काटकसर क्रूरपणाची होय.

१९६४ साली आलेल्या ०·२२३ रेमिंग्टन काडतुसाचा व्यास जवळजवळ तेवढाच. पण सुमारे ३·६ ग्रॅमची गोळी सेकंदास ९७५ मीटरच्या आसपास वेग घेते. गोळी लागताच फुटणारी असावी. तिने उसळण्याचा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून लक्ष्यामागे मातीचा उतार असल्याखेरीज बार काढू नये. नळीचा पीळही पाहावा. १२ इंचांत एक वेढा असलेली नळी हलक्या गोळीस मानवते, लांब व जड गोळीस नव्हे.

तथापि रायफल हा नंतरचा उपाय होय. राखणीचे कुत्रे, रात्रीचा बंदिस्त वाडा व विद्युत कुंपण हे पहिले. आपल्याकडील कोल्ह्यास तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्याची शिकार हा गुन्हा होय. तेव्हा धनगर बांधवांनी या अनुभवातून घ्यावयाचा तो वाडा व कुत्रा, बंदूक नव्हे.