डाग भिंगातला, तट सिंधुदुर्गाचा

मालवणच्या धक्क्यावरून दुपारनंतर सिंधुदुर्गाचे छायाचित्र घेऊ पाहणाऱ्याची गाठ प्रथम सूर्याशी पडते. कुरटे बेटावरचा किल्ला समुद्राच्या बाजूला आणि सूर्यही तिकडेच कललेला. साहजिकच तिरपे किरण कॅमेऱ्यात शिरतात, भिंगांच्या पृष्ठभागांवर मागेपुढे परावर्तित होतात आणि चित्रावर हिरवट-जांभळी वर्तुळे किंवा दुधाळ झाक उमटते. छायाचित्रकार यास ‘लेन्स फ्लेअर’ म्हणतात. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. १९३५ साली झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर पातळ लेप चढविण्याची पद्धत शोधली, तेव्हापासून हा उपद्रव पुष्कळ कमी झाला, संपला मात्र नाही. मोबाइलच्या भिंगावर बोटाचा तेलकट ठसा असेल तर तो अधिकच वाढतो.

हा डाग पुसणे आता कोणासही जमते. फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये डागावर ब्रश फिरविला की शेजारचा रंग आणि पोत तेथे येऊन बसतो. २०१० पासून रिकामी जागा आपोआप भरून देण्याची आणि २०२३ पासून तेथे सर्वस्वी नवे चित्र रचून देण्याची सोयही त्यात झाली.

यात गैर ते काय? डाग आकाशावर असेल तर काहीच नाही. ते वर्तुळ मुळात दृश्यात नव्हतेच, ते भिंगात जन्मले. ते पुसल्याने चित्र सत्याच्या अधिक जवळ जाते. शुद्धतेच्या नावाखाली प्रत्येक दुरुस्तीला नाक मुरडणाऱ्यांशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. लग्नाच्या अल्बमात तर ही चर्चाच नको.

प्रश्न उभा राहतो तो डाग तटावर पडल्यावर. आमच्या एका विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी किल्ल्याचे असेच एक चित्र आणले. तटावरचे हिरवे वर्तुळ त्याने सफाईने काढले होते. परंतु त्या वर्तुळाखाली दगडांच्या सांध्यातून उगवलेले एक झुडूप होते, तेही गेले आणि त्या जागी सुबक, सलग दगड आले! यंत्राने लबाडी केली नाही. शेजारी दगड दिसले, म्हणून दगड भरले. तथापि झुडपांची मुळे सांधे फोडून तट खिळखिळे करतात, आणि तटाची पाहणी करणाऱ्यास नेमके तेच पाहावयाचे असते. १६६४ साली बांधावयास घेतलेला हा किल्ला जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला आहे. त्याची आजची छायाचित्रे उद्या दुरुस्तीच्या वेळी पुरावा म्हणून काढली जातील. त्या पुराव्यात अंदाजाने रचलेले दगड असावेत काय?

अर्थशास्त्राच्या अध्यापकास येथे एक जुनाच अनुभव आठवतो : चूक निस्तरण्याचा खर्च शून्यावर आला की चूक टाळण्याची काळजीही कोणी घेत नाही. वास्तविक, रुमालाने भिंग पुसणे, तळहाताची सावली धरणे, दोन पावले बाजूस सरकणे यांस पैसा लागत नाही. एवढे करूनही तटावर डाग राहिलाच, तर तो राहू द्यावा. पुसलाच तर तसे चित्राखाली लिहावे आणि मूळ चित्र जपावे.

त्या विद्यार्थ्याने मूळ चित्र सुदैवाने ठेवले होते. पुढच्या रविवारी तो सकाळी आठ वाजता धक्क्यावर गेला. सूर्य पाठीशी होता, झुडूप स्वच्छ दिसले.