परमुलखाचा मसुदा, इथला कायदा

नागोठणे आणि रोहे यांच्या दरम्यान निडी नावाचे लहानसे रेल्वे स्थानक आहे. त्या परिसरातला एखादा तरुण धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामाला विटून स्वतःचे दुरुस्तीचे दुकान टाकू पाहतो, किंवा एखादा महिला बचत गट पापड-पोह्यांचा धंदा उभा करू पाहतो, तेव्हा भांडवलाइतकाच अवघड प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो तो कागदाचा. जागेचा करारनामा, भागीदारीपत्र, नोकराचे नेमणूकपत्र, दुकान सुरू केल्याची सूचना. वकिलाची फी परवडत नाही आणि तालुक्याच्या फेऱ्यांत रोज बुडतो. अशा वेळी हातातल्या मोबाईलवर कोणती तरी खासगी कंपनी पाच मिनिटांत कायदेशीर करार देऊ करते. रिकाम्या जागा भरा, पैसे पाठवा, छापून घ्या. ही सोय आहे, यात शंका नाही, आणि सोयीला नाके मुरडणारे आम्ही नव्हेत. प्रश्न एवढाच की, तो मसुदा कोणत्या राज्याच्या कायद्यावर बेतलेला आहे?

जागेच्या कराराचेच पाहा. करार अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही, अशी समजूत देशभर रूढ आहे, आणि तयार मसुदे तिच्यावरच उभे असतात. १९०८ च्या नोंदणी अधिनियमात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. अकरा महिन्यांची युक्ती निघाली ती तेथून. परंतु महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आहे. तो ज्या भागांना लागू आहे, तेथे त्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा वा अनुज्ञप्तीचा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी असला पाहिजे आणि नोंदविला गेला पाहिजे. जबाबदारी जागामालकाची, कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. शिवाय नोंदलेला करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल ते, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. दुर्बळ बाजूसाठी कायद्याने मुद्दाम ठेवलेले हे संरक्षण आहे. दुकान भाड्याने घेणाऱ्या गरिबाला ते ठाऊक नसते, आणि बाहेरचा मसुदा ते त्याला सांगत नाही. हा कायदा अनुसूचीत नमूद केलेल्या भागांपुरताच आहे, म्हणजे गाव आणि शहर यांतही फरक पडतो, ही गोष्ट तर त्या छापील कागदाच्या स्वप्नातही नसते. मुद्रांकाचीही तीच कथा. ऑक्टोबर २०२४ पासून शंभर रुपयांच्या अनेक दस्तांना पाचशेचा मुद्रांक लागू लागला. जुने नमुने मात्र शंभरावरच अडलेले.

भागीदारीची गोष्ट याहून बोलकी आहे. १९३२ च्या भागीदारी अधिनियमात महाराष्ट्राने १९८४ साली स्वतःपुरती दुरुस्ती केली. तिच्या योगे नोंदणी नसलेल्या पेढीच्या भागीदाराला पेढीच्या विसर्जनाचा वा हिशेबाचा दावाही लावता येईना. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ती तरतूद घटनाबाह्य ठरविली. पंचवीस वर्षे एका राज्यात एक न्याय आणि शेजारी दुसरा! व्यवसाय कराचेही तसेच. तो महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने आला. दिल्लीत वा राजस्थानात तो नाही. (या कराची सांगड रोजगार हमी योजनेशी होती, हे नव्या पिढीच्या कार्यकर्त्यांना सांगावे लागते. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी मजुराच्या कामासाठी पैसा द्यावा, हा विचार या राज्याला सुचला होता.)

परंतु आमच्या दृष्टीने खरा प्रश्न दुकानदाराहूनही दुकानातल्या नोकराचा आहे. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगारसंख्येचा उंबरठा नव्हता. २०१७ च्या कायद्याने तो दहावर आणला. त्याखालच्या आस्थापनेने साठ दिवसांत केवळ सूचना द्यायची. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा उंबरठा वीसवर नेण्यास आणि दैनिक तास नवावरून दहा करण्यास मंजुरी दिली. साप्ताहिक सुट्टी, जादा कामाचा दुप्पट मोबदला, या गोष्टी गावातल्या दुकानात राबणाऱ्या मुलाला कायद्याने मिळेनाशा होतात. मग त्याच्या हाती उरते ते नेमणूकपत्र. तेही जर मालकाच्या बाजूने लिहिलेल्या इंग्रजी साच्यातून निघाले, ‘मानधन’ आणि ‘स्वेच्छेने’ असल्या शब्दांनी भरलेले असले, तर त्याने सही कशावर केली? किमान वेतनाखालचा करार सही झाली तरी टिकत नाही, हे त्याला सांगणार कोण? लहान दुकानदार हा काही शोषक वर्गाचा धुरीण नव्हे. तोही बहुधा भल्या हेतूने, न वाचताच, तो कागद पुढे करतो.

शासनाला हे काम अशक्य आहे काय? १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याखालील नियमांत विकासक आणि ग्राहक यांच्या कराराचा नमुना शासनानेच घालून दिला. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी आदर्श उपविधी सहकार खात्यानेच काढले. सदनिका घेणाऱ्या मध्यमवर्गीयासाठी जे झाले, ते निडीच्या दुकानदारासाठी आणि त्याच्या नोकरासाठी का होऊ नये? जागेचा करार, भागीदारीपत्र आणि नेमणूकपत्र यांचे सुबोध मराठी नमुने, प्रत्येकावर आधारभूत कलम आणि सुधारणेची तारीख घालून, विधी व न्याय आणि कामगार या खात्यांनी विनामूल्य प्रसिद्ध करावेत आणि आपले सरकार सेवा केंद्रांत ठेवावेत. नेमणूकपत्राचा नमुना कामगार संघटनांना दाखविल्यावाचून कायम करू नये. २०२२ च्या दुरुस्तीने दुकानावरची पाटी मराठीत असणे लहानमोठ्या सर्वांना सक्तीचे केले. आतल्या करारालाही तीच भाषा लाभू द्या.

तोवर कार्यकर्त्यांनी वाट पाहत बसू नये. उद्यम नोंदणीला शासन एक पैसाही घेत नाही. त्यासाठी पैसे उकळणाऱ्या संकेतस्थळांची माहिती बाजाराच्या दिवशी लोकांना द्यावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना विनामूल्य कायदेशीर साहाय्याचा हक्क आहे. बचत गटाच्या बायकांना घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे जावे, आणि सही करण्यापूर्वी तो छापील कागद तेथे वाचून घ्यावा.