दंड कोणाला, सूट कोणाला?

रस्त्यावर माणूस मेला की शासन वाहनचालकाला शिस्त शिकवू लागते. शिस्त हवीच. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी उरली की टायर बदलावा, हवा टायर थंड असताना तपासावी, मागे बसणाऱ्यानेही सुरक्षापट्टा बांधावा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री गेले ते मागच्या आसनावर, पट्ट्याविना.

परंतु गाळप हंगामात रात्री लातूरहून चाकूर-अहमदपूरमार्गे नांदेडला निघालेल्याच्या पुढ्यात दिव्याविना उसाची ट्रॉली उभी ठाकली, तर त्याची शिस्त कोठवर पुरणार? अन् दोषी कोण? उचल फेडण्यासाठी रात्रंदिवस ट्रॅक्टर हाकणारा? कारखान्यांवर परावर्तक पट्ट्या चिकटवण्याचे समारंभ होतात, छायाचित्रेही छापून येतात. मागचा लाल दिवा नसलेली ट्रॉली वजनकाट्यावर घेणार नाही, असे मात्र कारखानदाराने बजावले पाहिजे; भाडे कापून नव्हे, स्वखर्चाने दिवा बसवून.

२०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना चालकाचा दंड ५०० वरून ५,००० रुपये झाला. त्याच कायद्याच्या १९८-अ कलमान्वये सदोष रस्त्यापायी माणूस मेला, तरी कंत्राटदाराला दंड जास्तीत जास्त एक लाख! या भावात खड्डा बुजवण्यापेक्षा दंड भरणे स्वस्त, हे अर्थशास्त्र कंत्राटदाराला आमच्या वर्गात येऊन शिकावे लागत नाही.

यंदाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी दिव्याची मागणी कारखान्यांच्या फाटकांवर न्यावी. ट्रॅक्टरवाल्यांना सोबत घेऊन.