सहल एका दिवसाची, गाव कोणाचे?

सुट्टीचा हंगाम जवळ आला की होसपेटच्या रेल्वे स्थानकाबाहेर एका विशिष्ट प्रकारच्या सहलीची विक्री जोरात सुरू होते. एक खाजगी मोटार, एक चालक, हवा असल्यास एक मार्गदर्शक आणि सकाळपासून सूर्यास्तापर्यंतचा एक दिवस, असे या सहलीचे स्वरूप असते. सकाळी हंपीची प्राचीन देवालये, दुपारी तुंगभद्रेचा काठ व प्रचंड शिलाखंडांच्या टेकड्या, तिसऱ्या प्रहरी नदीपलीकडील आनेगुंदीचे ग्रामजीवन आणि अखेरीस एखाद्या उंचवट्यावरून सूर्यास्ताचे दर्शन. रात्रीच्या जेवणाला प्रवासी पुन्हा होसपेटच्या हॉटेलात परततो. सोलापूर, कोल्हापूर, सांगलीकडून दोन-तीन दिवसांची रजा काढून येणाऱ्या कुटुंबाला ही व्यवस्था सोयीची वाटावी यात नवल नाही. थोड्या वेळात, ठरावीक खर्चात, देवळे, निसर्ग आणि खेडे ही तिन्ही पदरात पडतात.

परंतु या सोयीच्या मागे एक आर्थिक प्रश्न दडलेला आहे. देवळांना राज्यकर्ते आहेत, तिकीट आहे, पहारेकरी आहेत आणि स्वतंत्र कायदा आहे. नदी आणि टेकड्या यांनाही कोणी ना कोणी शासकीय पालक आहे. तिसरी वस्तू जे ग्रामजीवन, ते मात्र ज्यांच्या श्रमाने निर्माण होते त्यांना त्याची किंमत मिळते काय? आणि ते जगण्याचा त्यांचा हक्क तरी सुरक्षित आहे काय? हंपीचा गेल्या पंधरा वर्षांचा इतिहास या प्रश्नांची जी उत्तरे देतो, ती समाधानकारक नाहीत.

कालव्याच्या काठचे वैभव

मुळात देवळे, निसर्ग आणि गाव ही विभागणी सहल विकणाऱ्यांनी केलेली आहे. हंपीला ती ठाऊक नव्हती. चौदाव्या शतकात येथे विजयनगरची राजधानी उभी राहिली ती तुंगभद्रेच्या आश्रयाने. खडकाळ मुलखात नदीचे पाणी वळवून काढलेल्या कालव्यांवर राजधानीचे पोषण झाले. त्या काळातील काही कालवे आजही वाहतात आणि त्यांच्याच पाण्यावर भग्न मंडपांना लागून केळीच्या बागा, भातशेती आणि ऊस उभा आहे. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर राजधानी लुटली गेली, राजवाडे जळाले. परंतु शेतकरी कालव्याचे पाणी वापरीत राहिला आणि विरूपाक्षाच्या देवळातील पूजा आजतागायत चालू आहे. म्हणजे साम्राज्य गेल्यावरही या स्थळाला जिवंत ठेवण्याचे काम तेथील सामान्य वस्तीने केले. १९८६ मध्ये युनेस्कोने हंपीच्या स्मारकसमूहाला जागतिक वारसा यादीत स्थान दिले. पुढे २०१७ मध्ये येथील दगडी रथ पन्नास रुपयांच्या नव्या नोटेवर आला. शेतकऱ्याच्या आणि बाजारपेठेतील कुटुंबाच्या वाट्याला अशी कोणतीही नोंद आली नाही.

रुपया कोठे जातो?

प्रवाशाच्या खिशातून निघालेला रुपया कोणत्या वाटेने जातो हे पाहिले म्हणजे विषमतेचे स्वरूप स्पष्ट होते. विठ्ठल मंदिराच्या तिकिटाचे पैसे केंद्र सरकारच्या तिजोरीत जमा होतात. मोटारीचे भाडे होसपेटच्या किंवा त्याहूनही दूरच्या मालकाला मिळते. त्यातील इंधनाचा भाग तर जिल्ह्याबाहेरच जातो. मुक्काम आणि भोजन हा प्रवासखर्चाचा मोठा हिस्सा होसपेटच्या हॉटेलांकडे वळतो. गावाकडे राहतात ते शहाळे, केळी, लिंबू सरबत, बांबूच्या गोल होडीचे भाडे आणि एखाद्या मार्गदर्शकाचा मेहनताना. अर्थशास्त्रात ज्याला गुणक परिणाम म्हणतात, तो खर्च झालेला पैसा त्याच परिसरात पुन्हा पुन्हा फिरला तरच घडून येतो. येथे पैसा गावातून फिरत नाही. गावावरून निघून जातो.

एका दिवसाच्या सहलीचा दोष सहलीत नाही. प्रवासी संध्याकाळी परततो, कारण गावात त्याला राहण्याची अधिकृत सोय फारच थोडी आहे. ती का नाही, याचे उत्तर शोधू गेल्यास २०११ च्या जुलैपर्यंत मागे जावे लागते.

बाजार उठला तो दिवस

विरूपाक्ष मंदिरासमोरच्या रुंद रथमार्गाच्या दुतर्फा दगडी मंडपांच्या रांगा आहेत. विजयनगरच्या भरभराटीच्या काळात येथे व्यापाऱ्यांची वर्दळ असे. सोळाव्या शतकात आलेल्या डोमिंगो पाएस या पोर्तुगीज प्रवाशाने राजधानीतील अशा बाजारांचे वर्णन करून ठेवले आहे. विसाव्या शतकात या मंडपांत आणि त्यांच्या मागेपुढे पुन्हा वस्ती झाली. दुकाने, खानावळी, भाड्याच्या खोल्या निघाल्या. विरूपाक्षाचे भक्त आणि परदेशी प्रवासी या दोघांच्याही गरजा भागवणारा हंपी बाजार असा आकाराला आला.

जुलै २०११ मध्ये, न्यायालयाच्या आदेशाचा आधार घेऊन आणि अत्यंत अल्प मुदतीची सूचना देऊन, प्रशासनाने या बाजारातील बांधकामांवर यंत्रे चालवली. तीनशेच्या वर कुटुंबे त्यामुळे विस्थापित झाली. त्यांच्यासाठी सुमारे चार किलोमीटरवरील कड्डिरामपुरा येथे जागा ठरवण्यात आली. परंतु प्रत्यक्ष पुनर्वसन वर्षानुवर्षे रेंगाळले.

प्रशासनाची बाजू पूर्णपणे निराधार होती, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कित्येक मंडपांचे खांब विटा-सिमेंटच्या भिंतींत गाडले गेले होते. सांडपाण्याची व्यवस्था नव्हती. वाढत्या प्रवासीसंख्येबरोबर बांधकामे वर चढत होती. १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील दोनशे मीटरवर नियंत्रण आहे. वारसा एकदा नष्ट झाला की तो पुन्हा निर्माण करता येत नाही. तेव्हा काही निर्बंध अपरिहार्य होते.

तथापि दोन गोष्टी दृष्टीआड करता येत नाहीत. पहिली अशी की, ही वस्ती एका रात्रीत उगवलेली नव्हती. ती दशकानुदशके शासनाच्या डोळ्यांदेखत वाढली आणि शासनाच्याच विजेच्या तारा तेथवर पोहोचल्या होत्या. दुसरी गोष्ट नुकसानभरपाईच्या हिशेबाची. भरपाई घराच्या भिंतींची मोजली जाते. परंतु खानावळीचे मूल्य तिच्या भिंतींत नसते. ते देवळाच्या दारात असण्यात असते. चार किलोमीटर दूर नेलेल्या खानावळवाल्याला तेवढ्याच चौरस फुटांचा भूखंड दिला तरी त्याचा व्यवसाय परत दिला असे होत नाही. जागेतून मिळणारे हे उत्पन्न जमाखर्चात कोठेच धरलेले नव्हते.

धोका कोणाकडून?

हंपीचे नाव १९९९ मध्ये धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत गेले होते, याचाही येथे विसर पडता कामा नये. त्या निर्णयामागे बाजारातील चहाच्या टपऱ्या नव्हत्या. परिसरात शासनाच्या संमतीने बांधण्यात येत असलेल्या दोन पुलांमुळे स्थळाला बाधा पोहोचेल, ही युनेस्कोची मुख्य हरकत होती. २००६ मध्ये हंपी त्या यादीतून बाहेर पडली. आनेगुंदीचा रखडलेला पूल २००९ च्या जानेवारीत बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि काही कामगारांचा बळी गेला. नदीपलीकडच्या गावकऱ्यांना मात्र त्यानंतरही बरीच वर्षे होडीवर विसंबावे लागले. वारसा, वाहतूक आणि गाव यांचा एकत्र विचार न करण्याची किंमत सर्वांत अधिक कोणी मोजली, हे यावरून दिसते.

२०११ नंतर मुक्कामाचा व्यवसाय नदीपलीकडील विरूपापूर गड्डी येथे अधिकच फोफावला. तेथील बांधकामे बेकायदा असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये कायम केला आणि मार्चमध्ये तीही पाडण्यात आली. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. परंतु प्रवाशांची मागणी त्यामुळे नाहीशी झाली नाही. ती सणापूरच्या तलावाकडे आणि आसपासच्या शेतांकडे सरकली. मार्च २०२५ मध्ये त्याच परिसरात रात्री प्रवाशांवर आणि त्यांच्या यजमान स्त्रीवर अमानुष हल्ला झाला. त्यात एका तरुणाला प्राण गमवावे लागले. त्या गुन्ह्याची जबाबदारी गुन्हेगारांचीच आहे. तरीही व्यवसाय जेव्हा परवाना आणि बंदी यांच्या मधल्या अंधारात चालतो, तेव्हा रस्त्यावरील दिवा, पोलिसांची गस्त, नोंदवही यांची जबाबदारी कोणीच घेत नाही, हेही तितकेच खरे आहे.

अशा रीतीने एक विचित्र विसंगती निर्माण झाली आहे. नदीच्या एका काठावर देवळासमोर नांदणारे गाव अतिक्रमण म्हणून हलवले गेले आणि दुसऱ्या काठावरचे गाव प्रेक्षणीय वस्तू म्हणून दाखवले जाते. पहिल्या गावाचा दोष हा की ते आपल्या मर्जीने कमावत होते. दुसऱ्याचा गुण हा की ते मोटारीच्या काचेतून पाहता येते.

उपाय असाध्य नाहीत

आनेगुंदीत याहून वेगळी वाट थोडीफार दिसते. किष्किंधा ट्रस्ट या संस्थेच्या प्रयत्नांतून तेथील स्त्रिया केळीच्या सोपटाच्या धाग्यापासून वस्तू विणतात. काही जुन्या घरांची पारंपरिक पद्धतीने डागडुजी करून प्रवाशांच्या निवासाची सोय करण्यात आली आहे. बागेत वाया जाणाऱ्या सोपटाला किंमत आली आणि पडीक घराला राखण करणारा मिळाला. अशा उपक्रमांचा आकार लहान आहे आणि केवळ एखाद्या संस्थेच्या सदिच्छेवर संपूर्ण परिसराचे अर्थकारण उभे राहू शकत नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही वारसा आणि वस्ती एकमेकांच्या वैरी नाहीत, इतके तरी त्यावरून सिद्ध होते.

शासनाने करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. प्रवेशशुल्काच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा वारसाक्षेत्रातील ग्रामपंचायतींना कायद्याने मिळावा आणि तो पाणी, मलनिःसारण व दिवाबत्ती यांवर खर्च व्हावा. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना त्यांच्या अस्तित्वात असलेल्या घरात, उंची न वाढवता आणि बांधणीचे साहित्य न बदलता, प्रवासी ठेवण्याचा परवाना सुलभपणे मिळावा. बाहेरून भांडवल घेऊन येणाऱ्याला तो मिळू नये. वस्ती हलवणे अटळच ठरले, तर भरपाईत उपजीविकेचे मूल्य धरावे आणि नवी जागा ताब्यात दिल्याविना जुनी पाडू नये. हंपी एका जिल्ह्यात आणि आनेगुंदी दुसऱ्या, अशी आजची प्रशासकीय वाटणी असल्याने २००२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या वारसाक्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणावर या समन्वयाची जबाबदारी विशेषकरून येते. त्या प्राधिकरणाच्या निर्णयप्रक्रियेत गावकऱ्यांचा आवाज केवळ हरकतीपुरता असू नये.

पर्यटन ही काही दारिद्र्यनिर्मूलनाची योजना नव्हे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो एका मर्यादेपर्यंत बरोबर आहे. परंतु ज्या उद्योगाचा कच्चा माल दुसऱ्याच्या अंगणात आहे, त्याने त्या अंगणाच्या धन्याला मोबदला देणे हे दान ठरत नाही. तो उत्पादनखर्चाचा भाग असतो. आणि स्मारकाची राखण अखेर पगारी पहारेकऱ्यांपेक्षा त्यावर पोट असलेला शेजारी अधिक जागरूकपणे करतो, हा व्यावहारिक अनुभव आहे.

हा प्रश्न कर्नाटकापुरता आहे असे समजून महाराष्ट्राने स्वस्थ बसण्याचे कारण नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील आहेत. पन्हाळ्यावर नगरपरिषद आहे, शाळा आहेत, पिढीजात घरे आहेत. सिंधुदुर्गाच्या तटाआड आजही काही कुटुंबे राहतात. नामांकनाची प्रक्रिया चालू असताना पन्हाळ्याच्या रहिवाशांनी विस्थापनाची भीती व्यक्त केली होती. हंपीचा दाखला समोर असता ती भीती अनाठायी होती, असे म्हणता येत नाही. वस्तीला हात लावला जाणार नाही, अशी तोंडी आश्वासने अशा वेळी दिली जातात. परंतु अधिकारी बदलतात, न्यायालयापुढे कायद्याचा मजकूरच वाचला जातो. म्हणून किल्ल्यांच्या व्यवस्थापन आराखड्यात रहिवाशांचे हक्क आणि उत्पन्नातील त्यांचा वाटा आत्ताच, लेखी स्वरूपात नमूद झाला पाहिजे. पुढच्या सुट्टीत गडावर जाणाऱ्या मोटारींची रांग लागेल, तेव्हा ते करण्यास उशीर झालेला असेल.