तीन दिवसांची सायकल सहल : बेत कसा आखावा?

डॉक्टरांनी व्यायाम सांगितला की आपल्याकडचा मध्यमवयीन माणूस चार दिवस पहाटे फिरायला जातो आणि पाचव्या दिवशी पांघरूण ओढून घेतो. पुढे काही ठरलेले असेल तर मात्र व्यायाम टिकतो. म्हणूनच केळझर, सेलू, सिंदी भागातील वाचकांना आमची सूचना आहे की, या हिवाळ्यात चौघा-पाच जणांनी मिळून तीन दिवसांची सायकल सहल ठरवावी. सहल तीनच दिवसांची असली तरी तिच्या तयारीसाठी महिना-दीड महिना सायकल चालवावी लागते, आणि आरोग्याचा खरा लाभ त्या तयारीतच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास सायकल चालवली की हा हिशेब पुरा होतो.

आता जायचे कुठे? अमेरिकेत बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून तेथे पायी व सायकलने जाण्याच्या वाटा केल्या आहेत. मिसुरी राज्यातील अशी एक वाट पावणेचारशे किलोमीटरहून अधिक लांब आहे. या वाटा आरोग्याच्या दृष्टीने चांगल्या, कारण आगगाडीला मोठा चढ सोसत नाही. त्यामुळे रेल्वेचा मार्ग भराव घालून, टेकडी कापून शक्य तितका सपाट ठेवलेला असतो. अशा वाटेवर हृदयावर एकाएकी ताण येत नाही, गुडघे दुखत नाहीत आणि ट्रकची भीतीही नसते.

आपल्या जिल्ह्यातही असा एक मार्ग आहे. कापूस वाहण्यासाठी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात घातलेली पुलगाव-आर्वी ही ३५ किलोमीटरची, अडीच फूट रुंदीची छोटी रेल्वे. शकुंतला म्हणून ती लोकांच्या जिभेवर आहे. ही गाडी आता धावत नाही. तिच्या जागी सायकलची वाट झालेली नाही आणि जागा रेल्वेची आहे, तेव्हा परवानगीवाचून भरावावर सायकल घालू नये. मात्र सोरटा, विरूळ, रोहणा या गावांच्या बाजूने रस्त्याने आर्वीला जाता येते.

बेत असा आखावा. पहिल्या दिवशी सिद्धिविनायकाचे दर्शन घेऊन केळझरहून निघावे, पवनारला धाम नदीच्या काठी विसावा घ्यावा आणि वर्ध्याला मुक्काम करावा. हे अंतर सुमारे २६ किलोमीटर आहे. दुसऱ्या दिवशी वर्धा ते पुलगाव तीस-पस्तीस किलोमीटर, तिसऱ्या दिवशी पुलगाव ते आर्वी. साध्या सायकलवर तासाला दहा-बारा किलोमीटर धरले, तर विश्रांतीसह रोज चार तास लागतात. सकाळी साडेसहाला निघून ऊन चढण्याआधी, साडेदहा-अकरापर्यंत मुक्कामी पोचावे. परतीसाठी सायकली बसच्या टपावर घेतील का, हे एस.टी.च्या आगारात आधीच विचारावे. नाही म्हटले तर लहान मालवाहू गाडी ठरवावी. समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

बेत करताना एक नियम पाळावा. रोजचे अंतर सर्वांत दमणाऱ्या माणसाला झेपेल तेवढेच ठेवावे. तरुण मुलगा दिवसाला शंभर किलोमीटर जाईल, पण पन्नाशीच्या काकांनी त्याच्याशी चढाओढ केली तर सहल दवाखान्यात संपायची. सरावात आधी दहा, मग पंधरा, मग वीस किलोमीटर असे वाढवत न्यावे. निघण्यापूर्वी एकदा तरी लागोपाठ दोन दिवस वीस-पंचवीस किलोमीटर चालवून पाहावे. दुसऱ्या दिवशी अंग काय म्हणते, त्यावरून बेत पक्का करावा.

सीट फार खाली असली की गुडघे दुखतात. टाच पायडलवर ठेवून पायडल खाली नेले असता पाय जवळजवळ सरळ व्हावा, इतकी सीट वर घ्यावी. हेल्मेट, मागचा लाल दिवा, पंप आणि पंक्चरचे सामान जवळ असावे. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी पीत राहावे. जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे मिश्रण कामी येते. चमचा चहाचा घ्यावा. वाटेत खायला गूळ-फुटाणे आणि आपली संत्री उत्तम.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना श्रमाने साखर उतरण्याचा धोका असतो. हात थरथरले, दरदरून घाम सुटला, डोके सुन्न झाले तर थांबून लगेच तीन चमचे साखर खावी. छातीत दुखले किंवा दम आवरेना, तर सायकल सोडून थेट दवाखाना गाठावा.

शेवटी आमचे मत स्पष्ट सांगतो. महामार्गावरच्या भरधाव वाहनांच्या धाकाने बायका, मुले आणि वयस्क माणसे सायकलपासून दूर राहतात. त्यांना उपदेश पुरत नाही, सुरक्षित वाट लागते. आर्वीला मोठी रेल्वे व्हावी ही मागणी रास्त आहे आणि ती पुरी व्हावीच. पण ती होताना रुळांच्या कडेने सायकलची एक वाट राखली, तर शाळेची मुले आणि शेतावर जाणारे यांचीही सोय होईल. वाटेवरच्या गावांनी ग्रामसभेत तसा ठराव करून रेल्वेकडे पाठवावा. तोवर घरातली धूळ खात पडलेली सायकल काढावी, हवा भरावी आणि उद्या सकाळी अर्धा तास चालवावी.