फेरमोजणीत न सापडणारी मते

अमेरिकेतल्या मध्यावधी निवडणुकीत निसटता पराभव झाला की पक्ष फेरमोजणीकडे डोळे लावून बसतो. २०१८ मध्ये फ्लोरिडात सिनेटसाठी ८० लाखांहून अधिक मते पडली. फेरमोजणीनंतरही डेमोक्रॅट बिल नेल्सन १०,०३३ मतांनी हरलेच. खरी गफलत दुसरीकडे होती. ब्रोवर्ड या त्यांच्याच पक्षाच्या बालेकिल्ल्यात सिनेटची लढत मतपत्रिकेच्या कोपऱ्यात, सूचनांच्या खाली छापली होती आणि हजारो मतदारांनी तो रकाना कोराच सोडला. न दिलेले मत कितीदा मोजणार?

मग फेरमोजणी हवीच कशाला? मिनेसोटात २००८ सालच्या सिनेटच्या लढतीत तिने अल फ्रँकन यांना मागून पुढे आणले, हे खरे. पण असे क्वचितच घडते. ॲरिझोनात २०२२ मध्ये ॲटर्नी जनरलपदाच्या लढतीत क्रिस मेझ यांची आघाडी ५११ वरून २८० वर घसरली, कारण पिनल काउंटीत काही मते मोजायचीच राहिली होती. विजेत्या त्याच राहिल्या, चूक मात्र उघड झाली. हिशेबतपासणी म्हणून फेरमोजणीचे मोल मोठे आहे. हरलेल्या पक्षाने मात्र वकिलांइतकाच खर्च मतपत्रिकेचा नमुना आधी डोळ्यांखालून घालण्यावर केला, तर पैसे वाचतील.