पोर्ट ऑफ स्पेन, मॅच संपल्यावर

१९७१ मध्ये सुनील गावसकरांनी पहिल्याच मालिकेत ७७४ धावा केल्या आणि त्रिनिदादमधलं पोर्ट ऑफ स्पेन मराठी घराघरांत पोहोचलं. पण तिथे सुट्टीला जावं, असं आपल्याकडे क्वचितच कुणाला सुचतं. पुढच्या वर्षीच्या सहलींचे बेत आता शिजू लागतील, म्हणून हा अंक त्रिनिदाद-टोबॅगोचा.

त्रिनिदाद म्हणजे जागरण. कार्निव्हलच्या सोमवारी पहाटे, अंधारातच, अंगाला चिखल-रंग फासून ‘जूव्हे’ सुरू होतं. मंगळवारी पिसांच्या पोशाखांतल्या मिरवणुका. (त्या दिवसांतले हॉटेलांचे दर मात्र घाम फोडतात.) भूक लागली की गाडीवरचे डबल्स: तळलेल्या मऊ पुऱ्यांत तिखट छोले. १८४५ पासून ऊसमळ्यांसाठी नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांची ही देणगी.

टोबॅगो संथ. १७७६ पासून राखलेलं मेन रिजचं जंगल पायी हिंडा, बक्कूची प्रवाळं पाहा, मग नायलॉन पूलच्या उथळ पाण्यात नुसते उभे राहा. धावपळीच्या पॅकेजांवर आमचा विश्वास नाही. अंकातले लेखही रमतगमत चालतात.

तुम्ही जाऊन आला असाल तर जरूर लिहा, खर्चाच्या हिशेबासकट.